घर, शेती आणि वारसा : कौटुंबिक मालमत्तेच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालमत्तेचा वाद घेऊन येणारी व्यक्ती बहुधा सातबाऱ्याचा ताजा उतारा पुढे करते आणि ‘यात माझा हिस्सा किती?’ असे विचारते. या प्रश्नाचे उत्तर त्या उताऱ्यावर नसते. ही मालमत्ता आज ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे ती कोणाकडून, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वर्षी आली, या तीन गोष्टी कळल्याशिवाय हिश्श्याबद्दल काहीही सांगता येत नाही. पुढील उत्तरे महाराष्ट्रातील मालमत्तेला आणि प्रामुख्याने हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू असणाऱ्या कुटुंबांना उद्देशून आहेत. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी शेवटच्या भागात स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

सातबाऱ्यावर फक्त मोठ्या भावाचे नाव आहे. म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची झाली का?

नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, तो मालकी निर्माण करत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द तेथे आहेत हे विसरू नये. फेरफाराने (महसूल दफ्तरातील नावबदलाच्या नोंदीने) मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे पुष्कळदा दिसतात. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजेच तो सर्वांच्या वतीने नावापुरता खातेदार. पुढे कधीतरी उतारा पुन्हा लिहिताना ही अक्षरे गळून पडतात, नाव तेवढे उरते, आणि पुढच्या पिढीला वाटते की जमीन काकांचीच होती. म्हणून खातेदाराच्या नावाजवळ दिलेला फेरफार क्रमांक पाहावा, त्या फेरफाराची नक्कल काढावी, त्यात ज्या आधीच्या नोंदीचा उल्लेख असेल ती काढावी, आणि असे मागे मागे जात कुटुंबात जमीन प्रथम आली त्या नोंदीपर्यंत पोहोचावे. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात, आणि अनेक जिल्ह्यांचे अभिलेख शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही आहेत. वकिलाकडे जाण्यापूर्वी हे काम झालेले असेल, तर पहिल्याच भेटीत नेमका सल्ला मिळतो.

आजोबांची जमीन वडिलांच्या नावावर आली. वडील माझ्या संमतीशिवाय ती विकू शकतात का?

सर्वाधिक गैरसमज या प्रश्नाभोवती आहेत, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल. आजोबांकडून आलेली प्रत्येक मालमत्ता ‘वडिलोपार्जित’ असते आणि तिच्यात नातवंडांना जन्मतः हक्क असतो, असे सर्रास मानले जाते. कायदा इतका सरळ नाही.

पहिली गोष्ट आजोबांच्या मृत्यूचे वर्ष. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला. आजोबा त्यापूर्वी वारले असतील, तर त्यांची मालमत्ता वडिलांच्या हाती एकत्र कुटुंबाची म्हणून आली आणि त्यात मुलांना जन्मतः हक्क मिळाला. आजोबा त्यानंतर वारले असतील आणि मालमत्ता त्यांनी स्वतः कमावलेली असेल, तर ती कलम ८ प्रमाणे वडिलांना त्यांची व्यक्तिगत मालमत्ता म्हणून मिळते. वडील ती विकू शकतात, बक्षीस देऊ शकतात, मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतात, आणि त्यांच्या हयातीत मुलाला किंवा मुलीला तीत हिस्सा मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे स्पष्ट केले असले, तरी आजही कित्येक दावे याच्या नेमक्या उलट समजुतीवर दाखल होतात.

दुसरी गोष्ट, आजोबांच्या हातीच ती मालमत्ता त्यांच्या वाडवडिलांकडून आलेली आणि न वाटलेली होती का. तशी असेल तर एकत्र कुटुंबाचा हक्क पुढे चालू राहू शकतो. प्रत्यक्षात एकाच गटातील काही हिस्सा एकत्र कुटुंबाचा आणि काही हिस्सा वारसाने आलेला व्यक्तिगत, अशीही सरमिसळ आढळते, आणि ती सोडवण्यासाठी वंशावळ आणि मृत्यूच्या तारखा शेजारी शेजारी मांडाव्याच लागतात.

मालमत्ता एकत्र कुटुंबाची ठरली तरीही कर्ता म्हणजे कुटुंबाचा कारभार पाहणारा प्रमुख म्हणून वडिलांना ती कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी किंवा मालमत्तेच्या हितासाठी विकता येते. आजारपण, शिक्षण, लग्नकार्य, आधीचे खरे कर्ज ही अशा गरजेची नेहमीची उदाहरणे आहेत. गरज होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी खरेदी करणाऱ्यावर असते. ‘विक्रीच्या आधीच मनाई हुकूम मिळेल का?’ असे विचारले जाते, पण कर्त्याविरुद्ध तसा हुकूम सहसा मिळत नाही. विक्री झाल्यावर तिला आव्हान देणे हा मार्ग आहे, आणि वडिलांनी केलेल्या विक्रीबाबत खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून १२ वर्षांची मुदत आहे.

लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या मालमत्तेत हिस्सा मिळतो का? वडील २००५ पूर्वीच वारले असतील तर?

मिळतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायादाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क असणाऱ्याचा दर्जा दिला होता, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट उरली नाही आणि लग्न केव्हा झाले हा प्रश्नच बाद झाला. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटपपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप आणि त्या तारखेपूर्वी झालेली विक्री यामुळे उघडली जात नाहीत. ‘आमचे तोंडी वाटप तेव्हाच झाले होते’ हा बचाव भावांकडून हमखास घेतला जातो. न्यायालय तो सहजी मान्य करत नाही. तोंडी वाटपाला त्या काळातील सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल, तरच अपवाद म्हणून त्याचा विचार होतो.

बहिणींची नावे सातबाऱ्यावर मालकांच्या रकान्यात न लावता ‘इतर अधिकार’ या रकान्यात ढकलण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ होती. तुमचे नाव तेथे सापडले, तर हक्क दुय्यम आहे असे समजू नये. उलट, तुम्ही वारस असल्याचे महसूल यंत्रणेने तेव्हाच मान्य केले होते, याचा तो पुरावा आहे.

वडील मृत्युपत्र न करता वारले. आई, एक भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी आहोत. कोणाला किती मिळेल?

मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर पहिल्या वर्गाच्या, म्हणजे कायद्याने सर्वांत आधी धरलेल्या वारसांना सारखा हिस्सा मिळतो, म्हणजे चौघांना प्रत्येकी १/४. मालमत्ता एकत्र कुटुंबाची असेल, तर वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झाले असे मानले जाते. त्या काल्पनिक वाटपात वडील, आई, भाऊ आणि दोन बहिणी असे पाच वाटेकरी धरून प्रत्येकाला १/५ मिळतो. वडिलांचा १/५ हिस्सा मग चार वारसांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी १/२०. बेरीज पुन्हा १/४ येते. थोडक्यात, अशा साध्या कुटुंबात ‘स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित’ या वादावर वर्षे घालवून हिश्श्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो वडिलांनी मृत्युपत्र केले असेल तेव्हा, कारण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ते फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच चालते.

वडिलांची आई हयात असेल, तर तीही पहिल्या वर्गाची वारस आहे. आजीचे नाव वारसांच्या यादीतून बहुतेक वेळा कोणाच्या वाईट हेतूने नव्हे, तर केवळ लक्षात न आल्याने सुटते, आणि नंतर आत्या आणि काका तिच्या हिश्श्याचे वारस म्हणून उभे राहतात. वडिलांचे वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत.

आईच्या नावावर फ्लॅट आहे. तिच्यानंतर तो कोणाला जाईल?

आईने मृत्युपत्र केले नसेल, तर मुलगे, मुली आणि पती यांना सारख्या प्रमाणात. खरी अडचण अपत्य नसलेल्या विधवेची होते. तिला आई-वडिलांकडून वारसाने मिळालेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते आणि पती किंवा सासऱ्याकडून आलेली पतीच्या वारसांकडे. तिने स्वतः नोकरी करून घेतलेले घरसुद्धा तिच्या आई-वडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. हा नियम न्याय्य वाटणे कठीण आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो तसाच लावला. म्हणून ज्या स्त्रीला अपत्य नाही आणि नावावर काही मालमत्ता आहे, तिने मृत्युपत्र करणे अक्षरशः अत्यावश्यक आहे.

हक्कसोडपत्रावर सही केली आहे. आता ते रद्द होईल का?

नोंदणीकृत हक्कसोडपत्र केवळ मन बदलले म्हणून रद्द होत नाही. फसवणूक, दडपण, अवाजवी प्रभाव किंवा दस्त नेमका कसला आहे याबाबत दिशाभूल झाली असेल, तर दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. ही गोष्ट कळल्यापासून ३ वर्षांच्या आत तो करावा लागतो.

सही कोणत्या कागदावर केली हे आधी तपासावे. स्थावर मालमत्तेवरील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो. स्टँपपेपरवर केवळ नोटरी केलेला मजकूर, ग्राम महसूल अधिकाऱ्यासमोर (पूर्वीचे तलाठी) दिलेला ‘मला हिस्सा नको’ असा जबाब किंवा साधे संमतीपत्र यांनी हक्क जात नाही. पुष्कळ बहिणी आपला हक्क गेला असे धरून गप्प बसतात, आणि कागद पाहिला की तो नुसता जबाब निघतो.

सही अजून केली नसेल, तर घाई करू नये. दिवसकार्य आटोपताच ‘वारस नोंदीसाठी सह्या लागतात’ म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावेच लागत नाही. तेथे नेले जात असेल, तर तो हक्कसोडपत्राचा किंवा बक्षीसपत्राचा दस्त आहे असे समजून प्रत्येक पान वाचावे. हक्क कोणाच्या लाभात सोडला जात आहे, आईच्या, एका भावाच्या की सर्व सहहिस्सेदारांच्या, हे वाक्य विशेष काळजीने पाहावे.

वारस नोंद कशी होते आणि कोणी हरकत घेतली तर काय?

मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवणे अपेक्षित असते. वारसांची माहिती गाव नमुना ६ क मध्ये येते, त्यानंतर गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नोंद चुकीची प्रमाणित झाली, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते. उशीर झाला असल्यास त्याचे सबळ कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज जोडावा. महसूल अधिकारी वारस कोण एवढ्यापुरतेच पाहतात. मृत्युपत्र खरे की खोटे, दत्तक झाले होते की नाही, दुसरे लग्न वैध होते का, असा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो. वर्षानुवर्षे प्रांत, अपर जिल्हाधिकारी आणि पुढे अशी अपिले लढून, शेवटी दिवाणी दाव्यापासूनच सुरुवात करावी लागलेली माणसे कमी नाहीत.

तीस वर्षे भाऊच जमीन कसतो आहे. माझा हक्क मुदतीत बुडाला का?

केवळ कसण्याने बुडत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. विरुद्ध कब्जाने मालकी मिळवायची, तर भावाने तुमचा हक्क उघडपणे नाकारला होता, ते तुम्हाला माहीत होते आणि त्यानंतर सलग १२ वर्षे त्याचा ताबा राहिला, हे त्याने सिद्ध करावे लागते. एकत्र मालमत्तेतून वगळल्याची जाणीव झाल्यापासूनही हिस्सा मागण्यास १२ वर्षांचीच मुदत आहे. त्यामुळे भावाने तुमच्या नोटिशीला ‘तुमचा काहीही हक्क नाही’ असे लेखी उत्तर दिले असेल, तर ते पत्र जपून ठेवावे आणि त्याची तारीख विसरू नये, कारण मुदत तेथून मोजली जाण्याची शक्यता असते.

वाटप करून घेण्याचे मार्ग कोणते?

सर्वांची संमती असेल, तर नोंदणीकृत वाटपपत्र करता येते किंवा शेतजमिनीसाठी महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून खातेफोड करता येते. या मार्गात मालकीचा वाद उपस्थित झाला की कार्यवाही थांबते. तुकडेबंदी कायद्याच्या मर्यादाही पाळाव्या लागतात.

संमती नसेल, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करावा लागतो. त्यात सर्व सहहिस्सेदार पक्षकार आणि कुटुंबाच्या सर्व मालमत्ता दाव्यात असाव्यात. भावाच्या ताब्यातील शेत दाव्यात घातले आणि स्वतःच्या ताब्यातील घर वगळले, तर दाव्याला तेथेच खीळ बसते. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरवते. त्यानंतर शेतजमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस (चांगल्या-वाईट जमिनीचा तोल साधून केलेले) वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आणि घराचे कोर्ट कमिशनरमार्फत होते. रस्ता कोणाच्या बाजूला, विहीर कोणाकडे, बांधावरची झाडे कोणाची, हे सारे या टप्प्यावर ठरते. प्राथमिक हुकूमनामा हाती आला की दावा जिंकला असे समजून लोक स्वस्थ बसतात आणि पुढची कार्यवाही मागतच नाहीत. ताबा मात्र त्या पुढच्या कार्यवाहीनेच मिळतो.

एका भावाने परस्पर परक्या माणसाला आपला हिस्सा विकला. आता काय करावे?

आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकण्याचा हक्क महाराष्ट्रात सहहिस्सेदाराला आहे. तो तसाच बक्षीस देण्याचा मात्र नाही. अशा खरेदीदाराला विशिष्ट बाजूचा ताबा मिळत नाही, त्याला वाटपाचा दावा करून आपला हिस्सा वेगळा काढून घ्यावा लागतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या म्हणून ती जागा त्याची ठरत नाही. राहत्या घराच्या बाबतीत तर परक्या खरेदीदाराला कुटुंबासोबत एकत्र ताबा मागताच येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा केल्यास उरलेले हिस्सेदार वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ खाली न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेण्याची मागणी करू शकतात.

दावा चालू असताना विक्री झाली, तर ती दाव्याच्या निकालाला बांधील राहते. त्यासाठी दाव्याची नोटीस म्हणजे लिस पेंडन्स दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस ही त्याला पर्याय नाही, तिने फार तर गिऱ्हाईक बिचकते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते का? नोंदणी हवीच का?

साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिलेले मृत्युपत्रही चालते आणि नोंदणी सक्तीची नाही. सक्तीची गोष्ट एकच : करणाऱ्याची सही आणि ती पाहिलेल्या किंवा त्याने तशी कबुली दिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. वाद झाल्यास त्यांपैकी किमान एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान आणि लाभाशी संबंध नसलेले निवडावेत. नोंदणी आणि डॉक्टरांचा दाखला यांमुळे पुरावा बळकट होतो, तरी नोंदणीकृत मृत्युपत्रही संशयास्पद परिस्थितीत नाकारले जाऊ शकते. नंतरचे मृत्युपत्र आधीचे रद्द करते, मग आधीचे नोंदणीकृत आणि नंतरचे साधे असले तरीही.

बँकेत आणि सोसायटीत माझे नाव नॉमिनी म्हणून आहे. म्हणजे मीच मालक ना?

नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने स्वीकारणारा असतो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आणि कंपनीच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हीच भूमिका घेतली. गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते. फ्लॅटची मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते.

आई-वडिलांनी मुलाला घर बक्षीसपत्राने दिले आणि तो आता सांभाळत नाही. घर परत मिळेल का?

ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली मिळू शकते. ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर हस्तांतरण रद्द ठरवता येते. अट दाखवता आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र, हा ज्येष्ठांच्या हिताचा कायदा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हणत स्वतंत्र कागदावरील सांभाळाची हमीही ग्राह्य धरली. तरीही बक्षीसपत्र करतानाच सांभाळाची अट आणि दात्यांचा तहहयात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. त्याहून सुरक्षित म्हणजे मृत्युपत्र करावे, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येते. मुद्रांक शुल्क वाचवण्याच्या नादात बक्षीसपत्राची घाई होते, आणि पस्तावा नंतर येतो.

पतीच्या हयातीत पत्नीला सासरच्या मालमत्तेत हिस्सा मागता येतो का?

स्वतंत्रपणे नाही. मात्र पती आणि मुलांमध्ये एकत्र मालमत्तेचे वाटप झाले, तर आपल्याकडे लागू असलेल्या हिंदू कायद्याच्या मिताक्षरा पद्धतीप्रमाणे तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. राहण्याचा हक्क हा मालकीहून वेगळा विषय आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा, २००५ खाली सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळतो, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी तो मागता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. पण हा हक्क अमर्याद नाही. वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय तोलून पाहते आणि पर्यायी निवासाचा आदेश देऊ शकते. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे कलम १२५) अर्ज करता येतो. स्त्रीधन हे सर्वस्वी तिचेच असते. पतीच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह केला म्हणून विधवेने वारसाने मिळालेला हिस्सा गमवावा, असेही आता नाही.

वडिलांनी पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केले. त्या मुलांना हिस्सा आहे का?

दुसरे लग्न अवैध असल्याने दुसऱ्या पत्नीला वारसाहक्क मिळत नाही, पण तिची मुले औरस मानली जातात. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी ठरवल्याप्रमाणे त्यांना आई-वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा मिळतो, आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही वडिलांच्या वाट्याला काल्पनिक वाटपात जे आले असते त्यात मिळतो. ती मुले स्वतः सहदायाद मात्र होत नाहीत.

अज्ञान मुलाच्या नावावरची जमीन आई विकू शकते का?

मुलाच्या स्वतंत्र मालकीची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विकली गेल्यास सज्ञान झाल्यावर ३ वर्षांत मुलाला आव्हान देता येते. खरेदी करणाऱ्याने उताऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता ही अक्षरे दिसताच परवानगीचा आदेश मागावा.

नोटरी केलेल्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर घेतलेली जागा माझी झाली का?

नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. साठेखत आणि विसारपावती यांनी फक्त खरेदीखत करून मागण्याचा हक्क मिळतो.

आम्ही मुस्लिम किंवा ख्रिस्ती आहोत. आम्हाला हेच नियम लागू होतात का?

वारसाबाबत नाही. मुस्लिम कायद्यात जन्मतः हक्क ही कल्पनाच नाही. मालमत्ता कुठूनही आलेली असो, वारसा मृत्यूनंतरच सुरू होतो. अपत्ये असल्यास विधवेला १/८ मिळतो, मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळतो आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने १/३ पेक्षा जास्त देता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्यात विधवेला १/३ आणि उरलेला २/३ मुलगे आणि मुली यांना सारखा मिळतो. फेरफार, नोंदणी, मुदत आणि दाव्याची पद्धत मात्र सर्वांना सारखीच आहे.

वकिलाचा खर्च झेपत नाही. कोठे जावे?

तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांची कार्यालये न्यायालयाच्या आवारातच असतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. दावा दाखल करण्यापूर्वीच तडजोडीची शक्यता असेल, तर तेथेच दावापूर्व अर्ज करता येतो. लोकअदालतीतील तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्याविरुद्ध अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा उताऱ्याशी ताडून पाहाव्यात. जाताना मूळ कागद घरी ठेवावेत. वंशावळ, मृत्यूचे दाखले, ताजा सातबारा आणि ८ अ, जुन्या फेरफारांच्या नकला आणि असल्यास मिळकत पत्रिका, यांच्या प्रती तारखांच्या क्रमाने लावून न्याव्यात.